टिपणीसकाकांच्या छत्तीस बरण्या

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर तर असं, की माझीच वाण्याची यादी दुकानात पोचल्यावर मला वाचता येत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, कारण आमच्या वाडीत शाळाच चौथीपर्यंत होती. तरी टिपणीसकाकांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं फार दिवस वाटतंय. दुसरं कुणी लिहीना, म्हणून ही वही घेतली. कुणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घाला.

टिपणीसकाका बोलताना तुमच्याकडे बघत नाहीत. मान पूर्ण उजवीकडे वळवतात आणि तुम्हाला सांगायचं ते तिकडच्या भिंतीला सांगतात. सांगून झालं की मान परत सरळ. नव्या माणसाला वाटतं तिकडे कुणीतरी उभं आहे. बस स्टॉपवर एकदा त्यांनी मला "घाई करा, बस आली" म्हटलं, आणि त्यांच्या उजवीकडची एक गोरी आजी बिचारी मराठी न कळताही उगाच पळत सुटली. इथल्या फॅमिली डॉक्टरनं त्यांना मानेच्या व्यायामाला पाठवलं होतं. सहा आठवडे व्यायाम करून काका परत गेले आणि डॉक्टरच्या खिडकीला म्हणाले, "मान उत्तम आहे."

मान खरंच उत्तम आहे. खोड कामामुळे लागलेली आहे. इथे डच लोकांच्या देशात, नीउ-व्हेनेप गावाच्या बाहेर, काचघरांच्या रांगेत ऑर्किडची रोपं तयार करणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे काका तीस वर्षं काम करतात. तिथे रोपं मातीत वाढत नाहीत, काचेच्या बरणीत वाढतात. बरणी उघडी असताना तिच्यावर बोललं तर तोंडातले जंतू आत पडतात आणि आठ दिवसांत बरणीत बुरशी. म्हणून बोलायचं तर मान फिरवून. बाकीचे संध्याकाळी कोट काढतात तेव्हा मानही परत घेऊन घरी जातात. काकांची तिकडेच राहिली.

त्यांनीच मला या कामाला लावलं. आमचे हे जवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहेत. त्यांच्यामागून मी आले आणि दोन वर्षं खिडकीतून सायकली मोजल्या. मग एका गणपतीला, हॉल भाड्यानं घेऊन करतात त्या गणपतीला, मी कोपऱ्यात बसून दूर्वांच्या जुड्या बांधत होते. इथल्या गवतात तीन पानांची दूर्वा सापडणं म्हणजे वाळूत मोहरी. एक माणूस बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता. मग तो खांबाला म्हणाला, "एका जुडीला किती वेळ लागतो?"

खांब काही बोलेना, म्हणून मीच म्हटलं, "लक्ष नाही दिलं."

"शिक्षण किती?"

मला लाज वाटली. हळूच म्हटलं, "चौथी."

"उत्तम. जास्त शिकलेली माणसं कापताना विचार करत बसतात. सोमवारी या. नखं कापून या."

अशी मी ऑर्किड कापायला लागले. कापायचं म्हणजे मारायचं नाही, वाढवायचं. एक चांगलं रोप निवडतात. त्याच्या फुलाच्या दांड्याला उसासारखे डोळे असतात. तो डोळा बरणीत लावला की त्याची बारीक हिरवी पालवी होते. तिचे तुकडे करून नव्या बरण्यांत लावायचे, ते वाढले की परत तुकडे. एकाची दहा, दहाची हजार, आणि सगळी हुबेहूब पहिल्यासारखी. समोरून गाळलेली हवा येते अशा कपाटात हात घालून, चिमटा आणि सुरी जाळावर धरून हे काम करायचं. बरणीच्या तळाशी रोपांचं जेवण असतं. ते रटरट शिजवून, गार करून खरवसासारखं घट्ट करतात. त्यात साखर, केळं, नारळाचं पाणी आणि कोळशाची पूड. माझ्या बाळंतपणात मला एवढं मिळालं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "काका, हे तर सोवळंच झालं."

"अजिबात नाही," ते भिंतीला म्हणाले. "सोवळं माणसाला लांब ठेवतं. हे फक्त बुरशीला."

काकांच्या तोंडी दोनच गोष्टी. एक म्हणजे "झाकण!" उघडं भांडं त्यांना सहन होत नाही. चहाच्या कपावर बशी ठेवतात, एक घोट घेतात, परत बशी ठेवतात. पंगतीत वाढलेल्या आमटीच्या वाटीवर पापड झाकतात. लोकांना वाटतं यांना पापड नको. चमचा मेणबत्तीवरून फिरवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत, आणि त्यासाठी खिशात मेणबत्ती बाळगतात. यांच्या हॉटेलात काका जेवायला गेले की वेटर समजतात कुणाचा तरी वाढदिवस आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे "तीन वर्षांनी कळेल." बरणीतलं रोप फुलायला साधारण तीन वर्षं लागतात. आज आपण नीट कापलं की चुकलं, ते तेव्हा कळतं. पण काका हे सगळ्यालाच लावतात. चहात साखर बरोबर आहे का? तीन वर्षांनी कळेल. पाटलांना सून चांगली मिळाली ना हो? तीन वर्षांनी कळेल. पाटीलबाईंनी काकांना पुढच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही. हळदीकुंकवाला पुरुषांना तसंही बोलवत नाहीत, पण त्यांनी मुद्दाम बोलावलं नाही.

आणि मोजणं. वाढीच्या खोलीत फळ्यांवर हजारो बरण्या असतात. काका दारात उभे राहून नुसती नजर फिरवतात आणि म्हणतात, "तिसऱ्या फळीवर एक कमी." मोजून बघितलं की एक कमीच असते. काकांचं मोजणं कधी चुकलं असं प्रयोगशाळेत कुणाला आठवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या हजारो बरण्यांत छत्तीस बरण्या काकांच्या स्वतःच्या होत्या. त्याचं कारण म्हणजे सुमनकाकू.

सुमनकाकूंना मी कधी भेटले नाही. त्या सांगलीला असतात. आईचं आजारपण काढायला म्हणून गेल्या आणि परत आल्या नाहीत. भांडण नाही, काडीमोड नाही, फक्त आल्या नाहीत. जाताना म्हणाल्या होत्या, "ज्या देशात फुलाला वास नाही तिथे माणसानं किती दिवस काढायचे?" बोलणं खरं आहे. इथे फुलं डोंगराएवढी, आणि नाक लावलं तर फ्रीज उघडल्याचा वास. दुसऱ्या कुणाची बायको असं म्हणाली असती तर त्यानं समजूत काढली असती, नाहीतर तिकीट काढून मागे गेला असता. काकांनी वासाचं ऑर्किड तयार करायला घेतलं.

एका मोठ्या पांढऱ्या बिनवासाच्या ऑर्किडचं त्यांनी एका लहान जांभळ्या वासाच्या ऑर्किडशी लग्न लावलं. शब्द त्यांचाच, "लग्न लावलं." त्या संकराचं बी पिठासारखं बारीक, तेही बरणीतच रुजवावं लागतं. शेकडो रोपं झाली, काही वर्षांनी फुलली, आणि त्यातल्या एकाच रोपाच्या फुलाला वास आला. एकाच. त्या रोपाच्या हुबेहूब प्रती करायला त्यांनी प्रयोगशाळेला रीतसर पैसे भरले, बरणीला दहा युरो, आणि छत्तीस बरण्या झाल्या. त्या माझ्या कपाटाशेजारच्या फळीवर असत. "तुमच्या हाताखाली ठेवतोय," काका म्हणाले होते. भिंतीला म्हणाले, पण मला कळलं.

मग दसरा आला.

आमच्या घरी दसऱ्याला विळा, खुरपं, कोयता, सगळं धुऊन त्याला हळदकुंकू आणि झेंडू. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस तरी नमस्कार नको का? मी पहाटेच पोचले. माझ्या सुरीला आणि चिमट्याला हळदकुंकू लावलं, बाल्कनीतल्या कुंडीतला एक झेंडू कपाटात ठेवला, हात जोडले. सगळे यायच्या आत पुसून घेतलं, फूल पदराआड, म्हणजे कोटाच्या खिशात, आणि कामाला लागले. फार प्रसन्न वाटलं होतं.

झेंडूत कोळीकीड होती. डोळ्याला न दिसणारी. ती झाकणाच्या फटीतून आत शिरते, बरणीत फिरते, आणि तिच्या पायांना लागलेली बुरशी तिच्यामागे उगवते. दहा दिवसांनी बरण्यांत पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसायला लागल्या. कुणीतरी बारीक पावलांची रांगोळी काढावी तशा. प्रयोगशाळेच्या रोपांचे जोड, म्हणजे जादा प्रती, दुसऱ्या खोलीत होते, त्यांचं फार बिघडलं नाही. काकांच्या छत्तीस बरण्यांना जोड नव्हता. छत्तीसच्या छत्तीस उकळत्या वाफेत घालून फेकाव्या लागल्या. काकांनी स्वतः मोजून दिल्या.

माझ्या कपाटाखाली एक पिवळी पाकळी सापडली. आमच्या कामावरच्या मुख्य बाई, मारिआन, हातमोज्यात ती पाकळी धरून उभ्या राहिल्या आणि विचारलं, हे फूल आत कोणी आणलं? मला तेवढं डच समजत होतं. उत्तर देण्याएवढं येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आलं असतं तरी माझी जीभ उचलली नसती.

"मी," काका म्हणाले.

नेहमीसारखे उजवीकडे मान वळवून म्हणाले. उजवीकडे पोलंडहून आलेली आमची कामावरची मैत्रीण उभी होती. ती ओरडली, "मी नाही!" काकांना तीनदा सांगावं लागलं की मी म्हणजे मी. त्यांना सगळ्या नोकरीतली पहिली लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि मारिआनबाईंच्या कपावर झाकण ठेवून कामाला गेले.

त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दारातच रडायला लागले. "काका, ते फूल माझं होतं."

"माहीत आहे," ते दाराच्या चौकटीला म्हणाले. "पाकळीला हळद लागली होती. झेंडूला हळद लावणारा डच माणूस मला अजून भेटायचाय. आत या, दार उघडं ठेवू नका."

"मग तुम्ही का आळ घेतला?"

"मला काढायचं तर त्यांना वकील लागेल. तुम्हाला काढायला एक मंगळवार पुरला असता." मग म्हणाले, "देवाला नमस्कार अवश्य करावा. बाहेर करावा."

खिडकीत ते वासाचं मूळ रोप होतं. त्याला नुकताच फुलाचा दांडा फुटला होता. काकांनी माझ्यासमोर तो कापला, डोळे मोजले, चार निघाले. म्हणजे त्या वर्षीचं फूल गेलं आणि सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, छत्तीस बरण्यांचे पैसे मी देणार. मला वाटलं नको म्हणतील. आपल्याकडे निदान दोनदा तरी नको म्हणतात.

"द्या," काका म्हणाले. "महिन्याला एक बरणी. पहिल्या रविवारी. पावती मिळेल."

तेव्हापासून दर पहिल्या रविवारी मी दहा युरो आणि एक डबा घेऊन जायला लागले. रिकाम्या हातानं कसं जायचं? पहिल्यांदा प्लास्टिकच्या डब्यातून भरली वांगी नेली. पुढच्या महिन्यात काकांनी डबा प्रेशर कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन, निर्जंतुक करून परत दिला. तो भाकरीसारखा चपटा झाला होता. "प्लास्टिक हलकं होतं," म्हणाले. मग मी स्टीलचा न्यायला लागले.

दहा युरो दिले की ते कागदाच्या तुकड्यावर लिहीत, "बरणी क्रमांक अमुक मिळाली", खाली तारीख आणि सही. मी त्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवत असे. मग झाकलेला चहा. मग बरणीतली नवी पालवी कुठवर आली त्याची बातमी. मग सुमनकाकूंचा फोन, चित्र दिसणारा. मी उठायला लागले की म्हणत, "बसा. ती कुठे तुम्हाला खाणार आहे."

काकूंचा आवाज खणखणीत. "अहो, कान हलवा जरा! लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला नवऱ्याचा फक्त डावा कान दिसतो."

"कसा आहे?" काका भिंतीला विचारत.

"केस आलेत."

मग काकू आमटीत काय घातलं ते सांगत.

तीन वर्षांनी, ऑक्टोबरात, मी शेवटचे दहा युरो टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "काका, फिटले."

काकांनी कागद काढला आणि लिहिलं, "बरणी क्रमांक चौतीस."

मी बघत राहिले. बिस्किटांच्या डब्यात पस्तीस पावत्या होत्या, चौतीस नंबरची धरून. चौथी शिकले म्हणजे मला छत्तीस येत नाहीत असं नाही. पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं? पुढच्या महिन्यात पस्तीस आली. मला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या महिन्यात काका म्हणाले, "गेल्या वेळी बहुधा मी चुकलो," आणि परत चौतीस लिहिली.

मला घोर लागला. वयानं विसरायला लागले असं धरून मी प्रयोगशाळेत त्यांच्यावर पाळत ठेवली. ते वाढीच्या खोलीच्या दारात उभे राहिले, नजर फिरवली आणि म्हणाले, "पाचव्या फळीवर दोन जास्त." दोन जास्त होत्या.

तेव्हा मला कळलं. घरी यांना काही सांगितलं नाही. हे मात्र एकदा म्हणाले, "अगं, अजून संपले नाहीत? म्हाताऱ्यानं व्याज लावलं की काय?"

म्हटलं, "हो. थोडंसं."

मे महिन्यात नवं रोप फुललं. पांढरं फूल, मध्ये जांभळी झाक, बशीएवढं. वास मात्र लहरी, मूळ रोपासारखाच. ऊन असेल तरच येतो, आणि तोही दुपारच्या आत. या देशात! आम्ही दोघं खिडकीपाशी बसून ढग सरकायची वाट बघत होतो. साडेअकराला ऊन पडलं. थोड्या वेळानं लिंबाची साल आणि वेलदोडा एकत्र कुटावा तसा वास हळूहळू खोलीभर आला. मी आयुष्यात पहिल्यांदा काकांना बशी बाजूला ठेवून चहा उघडा विसरताना पाहिलं.

त्यांनी काकूंना फोन लावला आणि फोन फुलाजवळ धरला. "येतोय का वास?"

"फोनमधून कसा येईल हो?" काकू म्हणाल्या. "दिसतंय मात्र सुरेख." मग एकदम म्हणाल्या, "अगंबाई, तुमचा कान कुठे गेला?"

काका सरळ फोनकडे बघत होते. फूल पडद्यावर नीट दिसतंय ना ते बघायला त्यांना फुलाशेजारी तोंड फोनसमोर धरावं लागलं होतं, आणि मग ते तसंच राहिलं.

"म्हातारे झालात हो," काकू म्हणाल्या. या वेळी आवाज खणखणीत नव्हता.

"येतेस का बघायला?"

काकू म्हणाल्या, "तीन वर्षांनी कळेल."

फोन बंद झाल्यावर काका उठले, टेबलाचा खण उघडला आणि मला एक कागद दिला. "बरणी क्रमांक छत्तीस मिळाली. रक्कम पूर्ण." खाली तारीख ऑक्टोबरातली, बरोबर त्याच रविवारची. मग त्यांनी दहा दहाच्या सात नोटा माझ्यापुढे मोजल्या. "हे तुमचे जास्तीचे," म्हणाले. भिंतीला म्हणाले.

मी लाजाळू बाई आहे. कुणाला उलट बोलत नाही. पण त्या दिवशी मी त्यातली एक नोट त्यांच्या कपाशेजारच्या बशीखाली सारली आणि म्हटलं, "काका, सहाच आहेत. एक कमी आहे."

काकांनी नोटांकडे पाहिलं. बशीखालून डोकावणाऱ्या टोकाकडे पाहिलं. मग मान न वळवता माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"खरंच की," ते म्हणाले. "पण मला एकदम नाही जमायचं. महिन्याला एक युरो देईन."

"चालेल. पहिल्या रविवारी येईन."

"पावती लागेल."

आज दहावा युरो मिळाला. मी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात पावती लिहून दिली, "पैसे पूर्ण मिळाले. अलका." काकांनी ती दोनदा वाचली आणि खिडकीला म्हणाले, "अक्षर सुधारायला हवं." मग घडी घालून खणात ठेवली. आता कुणाचं कुणाला काही देणं राहिलं नाही.

निघताना मी डबा मुद्दाम त्यांच्या ओट्यावर विसरले. झाकण तेवढं पिशवीत घालून घरी आणलं आहे.